विमान म्हातारे कधी होते?

विमानात शिरल्यावर आसनाचे कव्हर उसवलेले दिसते, समोरचा पडदा बंद असतो, सामानाच्या कप्प्याचे झाकण दोनदा आपटल्याशिवाय लागत नाही. प्रवासी शेजाऱ्याकडे वळून म्हणतो, "जुने दिसतेय हो विमान." झाले निदान! केस पिकलेले पाहून माणसाच्या हृदयाचा अंदाज बांधावा, तसेच हे. आसने, गालिचे, पडदे ही विमानाची वरवरची सजावट. ती केव्हाही बदलता येते. कळकट आसनांखालचे धड ठणठणीत असू शकते आणि नव्याकोऱ्या गालिच्याखालच्या सांध्यात चीर वाढत असू शकते. प्रवाशाला दिसते ते आणि विमानाला खरोखर होते ते, यांचा संबंध फार थोडा.

१२ जून २०२५ रोजी अहमदाबादहून लंडनला निघालेले एअर इंडियाचे ड्रीमलायनर कोसळले. विमानातले २४१ आणि जमिनीवरचे १९ असे २६० जण गेले. जमिनीवर गेलेल्यांत वैद्यकीय महाविद्यालयाच्या वसतिगृहात जेवायला बसलेली मुलेही होती. त्यानंतर घरोघरी पहिला प्रश्न विचारला गेला तो हाच, की विमान किती वर्षांचे होते? ते साडेअकरा वर्षांचे होते. प्रवासी विमानाच्या हिशेबात ही ऐन उमेद. प्राथमिक अहवालात नोंद आहे ती उड्डाणानंतर काही सेकंदांत दोन्ही इंजिनांचा इंधनपुरवठा बंद झाल्याची. पत्रा फाटल्याची किंवा सांधा निखळल्याची नाही. तरीही वयाची चर्चा थांबली नाही, कारण वय हा आकडा सर्वांना कळतो.

आता याच आकड्याची दुसरी बाजू. २९ ऑक्टोबर २०१८ रोजी जाकार्ताजवळ समुद्रात पडलेले लायन एअरचे ७३७ मॅक्स सेवेत येऊन तीन महिनेही झाले नव्हते. पाच महिन्यांच्या आत इथिओपियात पडलेले त्याच जातीचे विमान जेमतेम चार महिन्यांचे होते. दोन्ही मिळून ३४६ बळी. दोष होता नव्या सॉफ्टवेअरमध्ये आणि एकाच सेन्सरवर विसंबण्यात. मुंबईकरांना आठवत असेल ते १ जानेवारी १९७८ च्या रात्री वांद्र्याच्या समुद्रात गेलेले 'एम्परर अशोक'. त्यात २१३ जण गेले. एअर इंडियाचे ते पहिले जम्बो तेव्हा सात वर्षांचेही नव्हते.

डॉक्टरांना यात नवल वाटू नये. कोणत्याही देशाचा मृत्युदराचा आलेख वयानुसार काढला, तर तो जन्माच्या वेळी उंच असतो, मग झपाट्याने खाली येतो, मधली बरीच वर्षे सपाट राहतो आणि उतारवयात पुन्हा चढतो. यंत्रांचा आलेखही जवळपास असाच निघतो. अभियंते त्याला न्हाणीच्या टबाची उपमा देतात. नव्या यंत्राला बालरोग असतात, जुन्याला वार्धक्याचे. एमआयटीचे जॉन हॅन्समन यांनी २०१४ मध्ये प्रवासी जेट विमानांचे वय आणि प्राणघातक अपघात यांची सांगड तपासली, तेव्हा साधारण २७ वर्षांच्या वयापर्यंत दोहोंत संबंध आढळला नाही. याचा अर्थ विमाने म्हातारी होत नाहीत असा नव्हे. ती नक्की होतात. प्रश्न आहे तो हे म्हातारपण मोजायचे कशाने, आणि ते कोणी पाहायचे, हा.

पस्तीस हजार फुटांवर बाहेरच्या हवेचा दाब समुद्रसपाटीच्या एक चतुर्थांशापेक्षाही कमी असतो. तिथे माणूस मिनिटभरात बेशुद्ध होईल, म्हणून विमानात हवा भरून दाब राखावा लागतो. आतला आणि बाहेरचा दाब यांतला फरक दर चौरस मीटरला सुमारे पाच टन वजनाइतका होतो, आणि तो सोसणारा पत्रा असतो छोट्या जेट विमानात जेमतेम एक मिलिमीटर जाडीचा. वर जाताना विमान किंचित फुगते, खाली येताना आकसते. एक उड्डाण म्हणजे विमानाचा एक श्वास. प्रत्येक श्वासाला रिव्हेटच्या भोकांभोवती ताण साठतो. हजारो श्वासांनंतर तिथे सूक्ष्म चीर पडते आणि दर श्वासाला ती केसभर पुढे सरकते.

याला 'मेटल फटीग' म्हणतात, म्हणजे धातूचा थकवा. शब्द माणसांकडून उसना घेतलेला आहे, पण फसवा. माणूस झोपला की थकवा उतरतो. धातूचा उतरत नाही, तो फक्त साठतो. पोलादाच्या बाबतीत थोडी सवलत आहे. ताण एका मर्यादेखाली ठेवला, तर पोलाद जवळपास कितीही फेरे सोसते. ॲल्युमिनियमला अशी सुरक्षित मर्यादाच नाही. ताण कितीही कमी ठेवा, पुरेसे फेरे झाले की ते दमणारच. आणि विमाने वर्षानुवर्षे ॲल्युमिनियमचीच बनत आली आहेत. शरीरात याला सर्वांत जवळची वस्तू महारोहिणी. हृदय दिवसाला सुमारे एक लाख वेळा ठोके देते आणि दर ठोक्याला ही नळी फुगते, आकसते. तिच्या भिंतीतले इलॅस्टिनचे लवचीक धागे बहुतांश बालपणीच विणले जातात. पुढे ते तुटत जातात, नवे फारसे येत नाहीत. साठीनंतर ती कडक होते ती यामुळेच. इथे मात्र मोजायचे असतात ठोके आणि प्रत्येक ठोक्याचा दाब. जन्मतारीख त्या मानाने दुय्यम.

विमानाबाबत हे शिकायला दोन अपघात आणि एक मोठा हौद लागला. ब्रिटनचे कॉमेट हे जगातले पहिले प्रवासी जेट. १० जानेवारी १९५४ रोजी रोमहून निघालेले एक कॉमेट एल्बा बेटाजवळ आकाशातच फुटले, ८ एप्रिलला दुसरे नेपल्सजवळ गेले. पहिल्याच्या वेळी अवशेष समुद्राच्या तळाशी, साक्षीदार कोळी, आणि हाताशी होते ते मृतदेह. पिसा विद्यापीठातील न्यायवैद्यक तज्ज्ञांनी शवविच्छेदन केले तेव्हा बळींची फुफ्फुसे आतून फाटलेली आढळली. आग किंवा बॉम्बची ही खूण नव्हती. आसपासचा दाब एका क्षणात नाहीसा झाल्याची होती. विमानाचे अवशेष बोलण्याआधी माणसांची फुफ्फुसे बोलली होती. पुढे फार्नबरो येथे एक अखंड कॉमेट पाण्याच्या हौदात ठेवून त्यात पुन्हा पुन्हा पाणी दाबून भरले आणि सोडले. प्रत्यक्ष उड्डाणे आणि हौदातले फेरे मिळून ३,०५७ व्या श्वासाला त्याचे धड फाटले. एल्बाजवळ पडलेल्या विमानाचे दाबाचे फेरे झाले होते १,२९०, आणि ते वापरात येऊन दोन वर्षेही झाली नव्हती. म्हणजे वयाने ते बाळच होते.

कॉमेटपासून धडा घेऊन पुढची विमाने कितीतरी दणकट झाली. तरी चौतीस वर्षांनी हवाईत तोच थकवा पुन्हा समोर आला. २८ एप्रिल १९८८ रोजी अलोहा एअरलाइन्सचे ७३७ हिलोहून होनोलुलूला निघाले. चोवीस हजार फुटांवर विमानाच्या पुढच्या भागाचे छत सुमारे १८ फूट लांबीत उडून गेले. उभी असलेली एक हवाईसुंदरी बाहेर फेकली गेली. बाकीचे ९४ जण उघड्या आकाशाखाली पट्ट्याने बांधलेले. वैमानिकांनी ते विमान तेरा मिनिटांत माउई बेटावर उतरवले.

हे विमान १९ वर्षांचे होते. तोवर त्याने ३५,४९६ तास उड्डाण केले होते, आणि हा आकडा त्या वयाला मुळीच जास्त नाही. पण उड्डाणे होती ८९,६८०. भागाकार केला की चित्र स्पष्ट होते : रोज सरासरी तेरा उड्डाणे, प्रत्येक सुमारे चोवीस मिनिटांचे. बनवणाऱ्यांनी गृहीत धरलेले आयुष्य ७५,००० फेऱ्यांचे होते. त्यात बेटांवरची खारी दमट हवा. पत्र्यांचे सांधे ज्या गोंदाने चिकटवले होते, तो त्या हवेत सुटत गेला. सगळा भार रिव्हेटवर आला आणि ओळीतल्या अनेक रिव्हेटभोवती एकाच वेळी बारीक चिरा पडल्या. एकेक चीर निरुपद्रवी होती. त्या एकमेकींना जाऊन मिळाल्या तेव्हा छत उडाले. मुंबई-दुबई-लंडन असा लांबचा प्रवास करणारे मोठे विमान दिवसाला दोन-तीन उड्डाणे करते. तेही एकोणीस वर्षांचे झाले तर त्याचे श्वास पंधरा-वीस हजारांच्या घरात असतील. जन्मवर्ष एकच, म्हातारपणात पाचपट फरक.

उलट उदाहरणही आहे. कॅनडाच्या उत्तरेकडे बर्फाळ खाणवस्त्यांवर खडीच्या धावपट्ट्यांवर उतरू शकणारी जेट विमाने फार थोडी. म्हणून तिथे नोलिनॉर ही कंपनी अजूनही जुनी ७३७-२०० चालवते. त्याच मुलखात दुसऱ्या महायुद्धाच्या काळातली डीसी-३ विमानेही अनेक वर्षे माल वाहत राहिली. डीसी-३ मध्ये दाब भरलाच जात नाही. जे श्वासच घेत नाही, त्याला श्वासाचा थकवा कुठला?

या थकव्याची किंमत प्रवाशाची फुफ्फुसेही मोजतात, आणि ही गोष्ट सहसा कोणी सांगत नाही. विमानात समुद्रसपाटीचा दाब का राखत नाहीत? राखता येईल. पण मग पत्र्यावरचा ताण वाढेल, विमान जड करावे लागेल आणि ते लवकर दमेल. म्हणून तडजोड ठरली आहे : केबिनमधली हवा जास्तीत जास्त आठ हजार फूट, म्हणजे सुमारे २,४४० मीटर उंचीवरच्या हवेइतकी विरळ होऊ द्यायची. कळसूबाईचे शिखर १,६४६ मीटर. म्हणजे जुन्या धाटणीच्या विमानात बसलेला प्रवासी कळसूबाईच्याही वर आणखी आठशे मीटर चढून बसलेला असतो, आणि तोही पायऱ्या न चढता, अर्ध्या तासात. तिथे श्वासातून मिळणारा ऑक्सिजन जमिनीवरच्या २१ टक्क्यांऐवजी १५ टक्के असावा, इतका असतो.

निरोगी माणसाला याचा पत्ताही लागत नाही. थोडे डोके जड होते, उगाच झोप येते. २००७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात पाचशेच्या आसपास स्वयंसेवकांना वीस तास अशा दाबाच्या खोलीत ठेवले होते. आठ हजार फुटांवर रक्तातील ऑक्सिजनची पातळी सरासरी साडेचार टक्क्यांच्या आसपास उतरली, आणि सात-आठ हजार फुटांवर तीन तासांनंतर अस्वस्थतेच्या तक्रारी वाढल्या. हा अभ्यास बोइंगच्या सहभागाने झाला होता, हेही सांगायला हवे. कारण त्याच काळात बोइंग ७८७ बांधत होती, ज्याचे धड कार्बन फायबरचे आहे. कार्बन फायबर ॲल्युमिनियमसारखे दमत नाही आणि गंजत नाही. म्हणून त्यात दाब जास्त ठेवता येतो. ७८७ आणि एअरबस ए-३५० यांमध्ये केबिनची उंची सहा हजार फुटांच्या आसपास राखतात, म्हणजे कळसूबाईपेक्षा थोडीशीच वर. हवाही किंचित कमी कोरडी ठेवता येते. एरवी विमानातली आर्द्रता १० ते २० टक्क्यांवर असते, आणि थंड पत्र्यावर पाणी साठून गंज चढू नये, म्हणून जुन्या विमानात ती वाढवायलाही कोणी उत्सुक नसते.

तेव्हा विमान जुन्या धाटणीचे की नवे, या प्रश्नाला आरोग्याच्या दृष्टीने खरा अर्थ आहे तो इथे. जमिनीवरच ज्यांची ऑक्सिजनची पातळी ९२ टक्क्यांच्या खाली आहे, ज्यांना फुफ्फुसांचा जुनाट आजार म्हणजे सीओपीडी आहे, हिमोग्लोबिन फार उतरले आहे, नुकताच हृदयविकाराचा झटका येऊन गेला आहे, त्यांनी तिकीट काढण्याआधी डॉक्टरांना विचारावे. आसन तुटके आहे का, याची चिंता नंतर. विदर्भात सिकलसेलचे रुग्ण मोठ्या संख्येने आहेत. त्यांच्यासाठी कमी ऑक्सिजन आणि कोरडी हवा ही दोन्ही त्रासाला आमंत्रण देणारी. भरपूर पाणी पिणे आणि लांबच्या प्रवासाआधी सल्ला घेणे, हे त्यांना कोणीतरी सांगायला हवे. कार्बनच्या विमानांना वार्धक्य नाही, असेही समजू नये. पहिले ७८७ प्रवाशांना घेऊन उडाले ऑक्टोबर २०११ मध्ये. नवे औषध बाजारात आल्यावर पहिली काही वर्षे जशी नजर ठेवतात, तशी ती या धडांवर ठेवावी लागणार आहे.

आता मुख्य मुद्दा. थकवा अटळ आहे, पण चीर एका रात्रीत वाढत नाही. ती दिसण्याजोगी झाल्यापासून धोकादायक होईपर्यंत हजारो उड्डाणांचा अवधी असतो. या अवधीत ती कोणाला तरी दिसली पाहिजे. विमानाची सगळी सुरक्षितता या एका गोष्टीवर उभी आहे. त्यासाठी ठरावीक उड्डाणांनंतर तपासण्या असतात. सर्वांत मोठीला डी-चेक म्हणतात. ती साधारण सहा ते दहा वर्षांनी होते, विमान आतून सोलून काढतात आणि ते महिना-दीड महिना हँगरमध्ये राहते. सोनोग्राफी, एक्स-रे ही रुग्णालयातलीच साधने तिथेही वापरतात. जोडीला एडी करंट, म्हणजे धातूत विजेचे भोवरे उठवून चीर शोधायची युक्ती.

साधने चांगली आहेत. ती धरणारा माणूस कसा आहे? अलोहाचे ते विमान दिवसभर उडत असे आणि तपासणी रात्री होई, तीही लहान लहान तुकड्यांत वाटून. शिडीवर चढून, दिव्याच्या उजेडात, एकसारख्या दिसणाऱ्या रिव्हेटच्या ओळी नजरेखालून घालायच्या. अमेरिकी अपघात तपास मंडळाने कंपनीच्या देखभाल व्यवस्थेला दोष दिला आणि अशा कामात माणसाचे लक्ष कसे ढळते, याचीही दखल घेतली. वैद्यकशास्त्राला हे ठाऊक आहे. नॉर्मन मॅकवर्थ यांनी दुसऱ्या महायुद्धाच्या काळात रडारच्या पडद्याकडे पाहत बसणाऱ्यांचा अभ्यास केला, तेव्हा अर्ध्या तासातच त्यांची नजर चुकू लागत होती. पहाटे तीन ते पाच ही तर शरीराची सर्वांत मंद वेळ. आणखी एक गोष्ट कमी लोकांना माहीत असते. जी वस्तू क्वचित सापडते, ती समोर असूनही अधिक वेळा निसटते. २००५ मध्ये जेरेमी वुल्फ आणि सहकाऱ्यांनी 'नेचर'मध्ये हा प्रयोग मांडला : शोधायची वस्तू निम्म्या चित्रांत असेल तर माणसे सुमारे ७ टक्के वेळा चुकत, शंभरातल्या एकाच चित्रात असेल तर ३० टक्के. मॅमोग्राम पाहणारा डॉक्टर आणि पहाटे चार वाजता रिव्हेट पाहणारा तंत्रज्ञ, दोघे एकाच बोटीत आहेत. दोघांनाही रात्रीमागून रात्री 'काही नाही' हेच उत्तर मिळत असते.

अलोहाच्या प्रकरणात एक माणूस मात्र चुकला नव्हता. विमानात चढताना एका महिला प्रवाशाला दाराजवळच्या पत्र्यावर लांबीच्या दिशेने गेलेली चीर दिसली होती. ती कोणाला काही बोलली नाही.

म्हातारपणाइतकाच महत्त्वाचा असतो जुना इतिहास. रुग्णाला पहिल्यांदा पाहताना विचारतात, पूर्वी काही ऑपरेशन? विमानालाही हाच प्रश्न विचारायला हवा. जपान एअरलाइन्सच्या एका जम्बोची शेपटी १९७८ मध्ये ओसाकाला उतरताना धावपट्टीवर घासली. मागच्या दाबभिंतीची दुरुस्ती करताना जिथे रिव्हेटच्या दोन ओळींनी भार घ्यायचा, तिथे प्रत्यक्षात एकच ओळ घेत राहिली. बारा हजारांवर उड्डाणे त्या अर्धवट टाक्यावर झाली. १२ ऑगस्ट १९८५ रोजी तो उसवला. ५२० जण गेले, चार वाचले. विमान होते अकरा वर्षांचे. तैवानच्या चायना एअरलाइन्सच्या जम्बोची शेपटीही १९८० मध्ये हाँगकाँगला अशीच घासली. ओरखडे काढून न टाकता वर पट्टी ठोकली आणि ती पट्टी ओरखड्यांना पुरेशी झाकतही नव्हती. तिच्याखाली चीर बावीस वर्षे वाढली. २५ मे २००२ रोजी तैवानच्या सामुद्रधुनीवर विमान हवेतच मोडले, २२५ बळी. अपघाताच्या काही महिने आधी काढलेल्या छायाचित्रांत त्या पट्टीभोवती आतून गळणाऱ्या हवेचे डाग दिसतात. आणि कधी दोष जन्मजातच असतो : २०११ मध्ये अमेरिकेत साउथवेस्टच्या पंधरा वर्षांच्या ७३७ चे छत पाच फूट फाटले, तेव्हा कारखान्यातच रिव्हेटची भोके नीट पाडली नव्हती, असे आढळले.

अलोहानंतर अमेरिकेने १९९१ मध्ये जुन्या विमानांसाठी कायदा केला. चौदा वर्षे पुरी झालेल्या प्रत्येक विमानाची, त्याच्या सगळ्या जुन्या नोंदींसह, ठरावीक काळाने विशेष तपासणी आली. २०१० च्या नियमाने तर उत्पादकांनाच सांगावे लागले, की अमुक फेऱ्यांपलीकडे आमच्या अभ्यासाचा आधार नाही, त्यापुढे उडवू नका. हे शहाणपणाचे होते. मर्यादा फेऱ्यांत आणि तासांत घातली, कॅलेंडरात नाही.

हे सगळे आत्ताच का बोलायचे, तर जगातली विमाने खरोखर म्हातारी होत चालली आहेत. आंतरराष्ट्रीय हवाई वाहतूक संघटनेने डिसेंबर २०२४ मध्ये दिलेल्या आकड्यांनुसार ताफ्याचे सरासरी वय १४.८ वर्षे झाले. १९९० पासूनची सरासरी १३.६ होती. मागणी नोंदवून न मिळालेल्या विमानांची संख्या १७,००० वर गेली. २०१८ मध्ये १,८१३ नवी विमाने मिळाली होती, २०२४ चा अंदाज १,२५४ चा होता. गंमत अशी, की याला काही अंशी नव्यांचे बालरोगच जबाबदार आहेत. प्रॅट अँड व्हिटनीच्या नव्या इंजिनांच्या चकत्या ज्या धातूच्या भुकटीपासून घडवल्या, तिच्यात भेसळ निघाली. इंडिगोची कितीतरी नवी विमाने जमिनीवर बसली. गो फर्स्ट तर मे २०२३ मध्ये बंदच पडली आणि तिने याच इंजिनांकडे बोट दाखवले. नवी विमाने उभी आणि ती उणीव भरून काढायला जुनी विमाने भाड्याने, असा उलटा प्रकार झाला. जी विमाने निवृत्त व्हायची, ती आणखी काही वर्षे उडणार आहेत. त्यात घाबरण्यासारखे काही नाही, जर ती नीट तपासली जात असतील तर. हा 'जर' मोठा आहे. निर्बंधांमुळे सुटे भाग मिळत नसलेल्या इराणमध्ये तो किती मोठा असू शकतो, हे तिथल्या अपघातांची यादी सांगते.

भारतात हा वाद नेहमी वयावरच अडतो. १७ जुलै २००० रोजी पाटण्याला अलायन्स एअरचे ७३७ वस्तीवर कोसळले, साठ जण गेले. विमान वीस वर्षांचे होते, त्यामुळे 'म्हातारी विमाने हटवा' ही मागणी लगेच उठली. चौकशीत निघाली ती विमान हाताळण्यातली चूक. आयातीसाठी आपल्याकडे बरीच वर्षे १८ वर्षांची अट राहिली आहे. अट असू द्यावी, पण तिने मिळणारा दिलासा फसवा आहे. दहा वर्षांचे विमान दिवसाला आठ छोटी उड्डाणे करत मुंबई-गोवा-मुंबईसारख्या समुद्रकाठच्या मार्गावर झिजत असेल, तर त्याचे खरे वय त्या अटीत कुठेच दिसत नाही.

जिथे काळजी करायला हवी, ती जागा वेगळी आहे. संसदीय समितीने २०२५ मध्ये दाखवून दिले, की नागरी विमान वाहतूक महासंचालनालयातील जवळपास निम्मी पदे रिकामी आहेत. तपासणाऱ्यांना तपासणारे हेच. सरकारी रुग्णालयात निम्म्या परिचारिका नसतील आणि खाटांचे वय मोजायला समिती नेमली, तर लोक हसतील. वैमानिकांच्या विश्रांतीच्या तासांवर न्यायालयापर्यंत वाद गेले, ते योग्यच झाले. देखभाल अभियंत्याच्या झोपेवर मात्र त्या मानाने कोणी बोलत नाही. त्याची सलग तिसरी रात्रपाळी कोण मोजतो? नागपूरच्या मिहानमध्ये बोइंगने उभारलेले देखभाल केंद्र २०१५ पासून आहे. देशातले विमानांचे मोठे काम परदेशी पाठवण्याऐवजी इथे व्हावे, ही अपेक्षा रास्त आहे. पण हँगर बांधणे सोपे. चीर ओळखणारी नजर तयार व्हायला दहा-पंधरा वर्षे जातात, आणि ती नजर आखातात दुप्पट पगारावर निघून जाते.

यावर एक स्वस्त उपाय लगेच करता येईल. प्रत्येक विमानावर 'व्हीटी'ने सुरू होणारा नोंदणी क्रमांक रंगवलेला असतो. त्यावरून कोणताही हौशी प्रवासी पाच मिनिटांत विमानाचे जन्मवर्ष शोधून काढतो आणि समाजमाध्यमांवर टाकतो. महासंचालनालयाने त्याच क्रमांकापुढे आणखी चार गोष्टी जाहीर कराव्यात : एकूण उड्डाणफेऱ्या, उत्पादकाने घातलेली मर्यादा, शेवटची मोठी तपासणी कधी व कुठे झाली, आणि धडावर पूर्वी मोठी दुरुस्ती झाली आहे का. ही माहिती कंपन्यांकडे असतेच. कायद्याने ती ठेवावीच लागते. कंपन्या म्हणतील, लोक उगाच घाबरतील. रुग्णाला त्याचा रिपोर्ट दाखवू नये, असे म्हणणारे डॉक्टरही एकेकाळी हेच म्हणत असत.